टीव्हीवरचे ‘आपण’

रात्री नऊच्या सुमारास अण्णा कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन टीव्हीसमोर बसतात. पडद्यावरचे राजकीय विश्लेषक ‘आता तुम्हीच सांगा, हे पटतं का?’ असे विचारतात, तेव्हा अण्णांचा घास हातातच थांबतो आणि ते मोठ्याने ‘अजिबात नाही’ असे उत्तर देतात. मध्यंतरी ते गृहस्थ चार दिवस दिसले नाहीत, तर ‘तब्येत बरी नसंल त्यांची’ म्हणून अण्णा दोन वेळा काळजीने बोलले.

डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अमेरिकी अभ्यासकांनी १९५६ मध्येच रेडिओ-टीव्हीवरील व्यक्तींविषयी वाटणाऱ्या या एकतर्फी जवळिकीला ‘पॅरासोशल’ हे नाव दिले होते. तिच्यामागे तंत्राचाही भाग आहे. टेलिप्रॉम्प्टरची अक्षरे कॅमेऱ्याच्या भिंगासमोरच्या तिरप्या काचेत उमटत असल्यामुळे वाचणाऱ्याची नजर भिंगावरच राहते आणि घरात बसलेल्याला तो थेट आपल्याकडे पाहतो आहे असे वाटते. त्यात ठरलेली वेळ आणि जवळून दिसणारा चेहरा यांची भर पडते.

मला मात्र याहून मोठी वाटते ती एका सर्वनामाची ताकद. मराठीत ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो आणि ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. इंग्रजीत या दोहोंसाठी एकच शब्द आहे. ‘सरकारने शेतकऱ्यांना फसवले’ या वाक्याला पुरावा मागावासा वाटतो, पण आवाज खाली आणून, क्षणभर थांबून ‘आपल्याला फसवलंय’ असे कोणी म्हटले, की पुरावा येण्याआधीच राग वाटून घेतला जातो. निवडणुकीच्या काळात एखाद्याने सिद्धेश्वराच्या गड्ड्याचा, म्हणजे जत्रेचा, नुसता उल्लेख केला, तरी आमच्या घरात तो सोलापूरचा होऊन जातो. पूर्वी मुंबई दूरदर्शनच्या सातच्या बातम्यांमधील निवेदकांविषयीही लोकांना जिव्हाळा होता, पण ते बातमी सांगून थांबत. तिच्यावर कोणाच्या बाजूने चिडायचे हे ते सांगत नसत.

गेल्या आठवड्यात मी अण्णांना विचारले, ‘तुम्हाला ते इतके जवळचे का वाटतात?’

‘आपल्या बाजूनं बोलतात ते.’

आमच्या नळाला काही दिवसांआड पाणी येते, त्याबद्दल किंवा उजनी धरणाबद्दल ते कधी बोलले का, असे मी विचारले. अण्णांनी बराच वेळ आठवून पाहिले आणि मग रिमोट घेऊन आवाज कमी केला.