आमदारांसाठी राखीव

आज पंढरपूरहून सांगोल्याला एसटीनं गेले. पुढच्या सीटवर खिडकीपाशी 'आमदारांसाठी राखीव' असं रंगवलेलं, अक्षरं निम्मी खरवडलेली. तिथं एक आजोबा बसले होते, पिशवीतून कोथिंबिरीची जुडी डोकावत होती. म्हणाले, "आमचे आबासाहेब खरंच एसटीनं यायचे, पोरी."

गणपतराव देशमुख. १९६२ पासून सांगोल्यातून ११ वेळा आमदार, आणि पक्ष शेवटपर्यंत एकच, शेकाप, म्हणजे शेतकरी कामगार पक्ष. मधे दोनदा पडले, तरी पक्ष सोडला नाही. २०२१ साली गेले.

मला उरलेल्या वाटेत निवडणूक रोखे आठवत राहिले, म्हणजे बँकेतून विकत घेऊन नाव गुप्त ठेवून पक्षाला देणगी द्यायची योजना. आधी कंपनीला तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी देता यायची. २०१७ मध्ये ती मर्यादाच काढली. म्हणजे तोट्यातली कंपनीसुद्धा हवे तेवढे कोटी देणार, आणि कुणी कुणाला दिले हे मतदाराला कळणार नाही! १५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टानं योजना रद्द केली, तेव्हा देणगीदारांच्या याद्या बाहेर आल्या. एकट्या एका लॉटरी कंपनीचे तेराशे कोटींच्या वर. ते वाचून आलेला संताप अजून गेलेला नाही. आजही महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख, पक्षाला मात्र काहीच नाही.

स्टँड आल्यावर आजोबांची पिशवी मी खाली उतरवून दिली. "मग त्यांच्या निवडणुकीला पैसे कोण द्यायचं?" मी विचारलं.

"आम्हीच की. माझ्या बापानं ज्वारीचं पोतं विकून दिले होते."