बाबांनी माझी काडतुसांची वही तपासली

मंडळी, यावेळचं लिखाण अमेरिकेतल्या कोलोरॅडोतून नाही, खडकीतून, आईबाबांच्या घरातून. तीन आठवडे सुट्टी टाकून आलोय. निघताना पाठीवरच्या सॅकचे सगळे कप्पे उलटे करून झटकले, कारण तीच सॅक मी नेमबाजीच्या रेंजवर नेतो आणि एखादं रिकामं पितळी काडतूस जरी आत राहिलं असतं ना तर विमानतळावर फार मोठं प्रकरण झालं असतं. म्हणून सोबत आणली ती फक्त काडतुसांच्या नोंदींची वही.

बऱ्याच जणांनी विचारलं होतं की तू तिकडे काडतुसं घरी भरतोस म्हणजे नक्की काय करतोस. तर आपण ज्याला सरसकट गोळी म्हणतो त्यात चार वस्तू असतात, पितळेची केस, बुडाला ठिणगी देणारा प्रायमर, आत दारूची पावडर आणि तोंडाशी बसवलेली बुलेट, म्हणजे खरी गोळी. उडवल्यावर केस शिल्लक राहते, ती परत मापात आणून, नवीन प्रायमर बसवून, पावडर तोलून भरायची. आपल्याकडे याला वेगळा परवाना लागतो, आणि शिकार तर वन्यजीव कायद्याने बंदच आहे, आणि ते योग्यच आहे असं माझं मत. तिकडे कायदे वेगळे आहेत. तरी विझावर होतो तोपर्यंत मी हात लावला नाही, ग्रीन कार्ड आल्यावर हंटर एज्युकेशनचा कोर्स केला, त्यानंतर रायफल घेतली.

रायफल हलकी घेतली, दुर्बीण सोडून अडीच किलो. दहा हजार फुटांवर दिवसभर चढायचं असतं, तिथे प्रत्येक पाव किलो खांद्याला कळतो. पण हलकी रायफल समजून घ्यायला वेळ लागतो. नळी बारीक असते त्यामुळे तीन-चार गोळ्यांत तापते आणि पुढच्या गोळ्या सरकायला लागतात, शिवाय वजन कमी म्हणून धक्का जास्त, हातात नीट धरली नाही तर गोळी नळीतून बाहेर पडायच्या आतच रायफल उडी मारते. माझी कॅलिबर, म्हणजे काडतुसाचं माप, सेव्हन एमएम-ओ-एट, १९८० पासून बाजारात असलेली, धक्का मानाने कमी, म्हणून निवडली.

पावडर ग्रेनमध्ये मोजतात. सोनाराची गुंज आठवा, एक गुंज म्हणजे जवळपास दोन ग्रेन, आणि आम्ही ग्रेनचा दहावा भाग बघतो. रविवार पेठेत सोनार काचेच्या पेटीतला काटा स्थिर व्हायची वाट बघत बसतो ना, तसंच मी गॅरेजमध्ये हीटर आणि पंखा बंद करून बसतो, कारण वाऱ्याच्या झुळुकीनेही काटा हलतो. टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा, दुसरा कपाटात कुलपात. सगळ्या केस भरल्या की टॉर्च मारून प्रत्येकीत डोकवायचं, पातळी सारखी आहे ना, कुठे दोनदा पडली नाही ना, आणि मगच बुलेट बसवायची. आकडे मुद्दाम देत नाहीये. ते छापील मॅन्युअलमधूनच घ्यायचे, सगळ्यात खालच्यापासून सुरुवात करायची, दुसऱ्याच्या रायफलचं माप आपल्या रायफलला कधीही लावायचं नाही.

बुलेट मी तांब्याची वापरतो. शिशाचे बारीक कण मांसात पसरतात आणि ते मांस आमच्या घरात मुलं खातात. पण तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणजे तेवढ्याच वजनाची बुलेट लांब होते, केसमध्ये जास्त आत जाते, पावडरची जागा खाते, त्यामुळे शिशाच्या बुलेटचं माप इथे चालत नाही, सगळं पहिल्यापासून.

तर वही. बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासणीत होते, १८६९ सालचा कारखाना, आमचं अख्खं घर त्याच्या भोंग्यावर चालायचं. जेवण झाल्यावर त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. एका पानावर मी लाल पेनाने 'फायनल' लिहिलं होतं, तीन गोळ्या, शंभर यार्डांवर, तिन्हींच्या मध्यांमधलं जास्तीत जास्त अंतर नऊ मिलिमीटर. शंभर यार्डांवर कोनाचं एक मिनिट, अंशाचा साठावा भाग, म्हणजे साधारण सत्तावीस मिलिमीटर, आपल्या दहाच्या नाण्याएवढं, आणि हे तर त्याच्या एक तृतीयांश!

"तीन नग?" बाबा म्हणाले. "अरे तीन नगांवर कोणी लॉट पास करतं का?"

ते बरोबर होते, कारण पुढच्याच पानावर त्याच काडतुसाच्या गोळ्या पंचेचाळीस मिलिमीटरमध्ये पसरल्या होत्या. त्यावर मी दोन रविवार पावडर कमी-जास्त करण्यात घालवले आणि शेवटी दुर्बिणीच्या माउंटचा एक स्क्रू ढिला निघाला. तेव्हा फार वाईट वाटलं, पावडरीचं किंवा वेळेचं नाही, पण अशा रायफलने मी त्या सीझनला हरणावर नेम धरला असता. जनावर जखमी होऊन झाडीत निघून गेलं तर तिथे दुसरा प्रयत्न नसतो.

त्यानंतर पद्धत बदलली. एकच कागद, दहा वेगवेगळ्या सकाळी, दर वेळी थंड नळीतून एकच गोळी. शिकारीत तीच पहिली गोळी कामाची, तापलेल्या नळीतली पाचवी नाही. तो कागद घडी करून वहीत ठेवलाय. दहाही भोकं छत्तीस मिलिमीटरमध्ये. लाल पेनातल्या नऊपेक्षा मला हे छत्तीस कितीतरी जवळचे वाटतात.

बाबांनी कागद उजेडाकडे धरला, प्रत्येक भोकावरून बोट फिरवलं.

आई मधेच म्हणाली, "पण मारायचं कशाला रे?" मी सांगितलं, वर्षाला एक परमिट, एक हरीण, तेच मांस वर्षभर. तिला पटलं नाही, आणि तिने ते लपवलंही नाही.

झोपायच्या आधी बाबांनी पट्टी घेऊन वहीच्या उजवीकडे दोन रकाने आखले, पावडर लॉट आणि प्रायमर लॉट. नवा डबा उघडला की नवं पान, आणि खालून सुरुवात, एवढं बोलून दिवा बंद केला. वहीत आता सहाच पानं कोरी आहेत, उद्या अप्पा बळवंत चौकातून तसल्याच लांब आखीव दोन आणायच्यात.