पावणेदोन केबीतलं बेसिक आणि डॉ. डॉब्ज जर्नल

'डॉ. डॉब्ज जर्नल' हे संगणकाचं मासिक, आणि बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा. जानेवारी १९७६ च्या पहिल्या अंकावर नाव होतं 'डॉ. डॉब्ज जर्नल ऑफ टायनी बेसिक कॅलिस्थेनिक्स अँड ऑर्थोडोन्शिया'. खाली ओळ: 'रनिंग लाइट विदाऊट ओव्हरबाइट'. ओव्हरबाइट म्हणजे वरचे दात पुढे येणं, आणि बाइट म्हणजे मेमरीचं एक घर. म्हणजे दातांच्या डॉक्टरांच्या भाषेत सांगितलेलं, की एकही बाइट जास्तीचा नको. मासिकामागचे डेनिस अ‍ॅलिसन आणि बॉब अल्ब्रेक्ट, त्यांच्या नावांची मोडतोड करून 'डॉब' झाला. संपादक जिम वॉरन. बेत फक्त तीन अंकांचा होता.

हा कंजूषपणा उगाच नव्हता. अल्टेअर ८८०० हा तेव्हाचा छोटा संगणक मुळात २५६ बाइट मेमरी घेऊन यायचा, वाढीव मेमरी महाग. म्हणून अ‍ॅलिसनने बेसिक छाटलं: फक्त पूर्णांक, तेही -३२७६८ ते ३२७६७; व्हेरिएबल ए ते झेड, एकूण २६; स्ट्रिंग नाहीत.

मासिकातला खरा मजकूर म्हणजे कोडची लिस्टिंग, ओळीने छापलेला अख्खा प्रोग्राम. लेख तिच्यासोबत यायचे, असं मी म्हणेन. कीबोर्ड नसेल तर ती पॅनेलवरच्या स्विचने भरायची. ऑक्टल (आठच्या पायाचा आकडा) ३०३, म्हणजे अल्टेअरच्या ८०८० प्रोसेसरचा जंप (दुसऱ्या पत्त्यावर उडी मारायची आज्ञा), स्विचवर असा: ११ ०००  ०११. मग 'डिपॉझिट नेक्स्ट' हा स्विच, मग पत्त्याचा खालचा बाइट, शेवटी वरचा. हा क्रम उलटला की उडी भलतीकडे. त्याहून वाईट म्हणजे मध्येच एक बाइट गाळणं: पुढचं सगळं एका घराने मागे सरकतं, पण जंपचे पत्ते जुनेच राहतात. प्रोग्राम थोडा वेळ नीट चालतो आणि मग भरकटतो. चूक शोधायला लिस्टिंगशी बाइट-बाइट ताडून पाहावं लागतं. वीज गेली की पहिल्यापासून.

मे १९७६ मध्ये ली-चेन वांगचं 'पालो आल्टो टायनी बेसिक' छापलं गेलं, १.७७ केबीचं. अ‍ॅलिसनच्या आराखड्यात मधे एक दुभाष्यासारखी भाषा (इंटरप्रिटिव्ह लँग्वेज) होती, म्हणून वेग कमी. वांगने ती काढून थेट ८०८० चं कोड लिहिलं. 'प्रिंट'ऐवजी 'पी.' एवढंही चालायचं. चुकांचे संदेश तीनच. 'व्हॉट?' म्हणजे कळलं नाही, 'हाऊ?' म्हणजे कळलं पण जमणार नाही, 'सॉरी' म्हणजे मेमरी संपली. आजच्या कंपायलरच्या (कोड यंत्राच्या भाषेत आणणाऱ्या प्रोग्रामच्या) पानभर तक्रारींपेक्षा हे बरं. आणि माथ्यावर: 'कॉपीलेफ्ट, ऑल राँग्ज रिझर्व्ड', म्हणजे 'कॉपीराइट, ऑल राइट्स रिझर्व्ड'ची थट्टा.

पुढे याच मासिकात मे १९८० मध्ये रॉन केनचा सी भाषेसाठीचा स्मॉल-सी कंपायलर, मार्च १९८५ मध्ये रिचर्ड स्टॉलमनचा मुक्त सॉफ्टवेअरसाठीचा ग्नू जाहीरनामा, १९९१ पासून जोलिट्झ दांपत्याची ३८६बीएसडी या पीसीवरच्या युनिक्सवरची लेखमाला. छापील स्वतंत्र अंक २००९ च्या सुरुवातीला थांबला. २०१४ संपता संपता वेबवरचं नवं लेखनही बंद झालं.