लेकीचा टीबी, आधीच्या आजाराआड

माझ्या लेकीला नेफ्रोटिक सिंड्रोम आहे. मूत्रपिंडातून प्रथिनं लघवीवाटे निघून जातात, अंगावर सूज येते. त्यासाठी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू होतं. मग संध्याकाळची कसर येऊ लागली, खोकला 2 आठवडे उलटले तरी हटेना. जो तो म्हणे, जुन्याच दुखण्याचं असेल. टीबीत भूक मरते, वजन उतरतं. हिची भूक स्टेरॉइडनं वाढलेली, चेहरा गरगरीत, वजनात सूज मिसळलेली. टीबी ओळखू येणार कसा?

मांटू ही टीबीसाठीची त्वचेवरची चाचणीही निगेटिव्ह आली. स्टेरॉइडनं प्रतिकारशक्ती दबलेली असली की टीबी असूनही असं होऊ शकतं, म्हणून डॉक्टर तिथे थांबले नाहीत. एक्स-रेत छातीतल्या गाठी वाढलेल्या दिसल्या. लहान मुलं बेडका थुंकत नाहीत, गिळतात. तेव्हा पहाटे, उपाशीपोटी, तिला अंथरुणातून उठू न देता नाकातून पोटात नळी घालून गिळलेल्या बेडक्याचा नमुना काढला. 'गिळ बाळा, अजून एकदा गिळ,' म्हणत मी तिचे हात धरून होते. तिचे डोळे माझ्यावरून हलत नव्हते. पण त्याच नमुन्यात जीनएक्सपर्ट या टीबीच्या तपासणीत जंतू सापडले आणि ते रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देणारे आहेत हेही कळलं.

उपचार 6 महिन्यांचे. पहिले 2 महिने चार औषधं, पुढे तीन. डोस वजनावर ठरतो, म्हणून सूज नसतानाचं वजन धरायला हवं होतं. त्यात रिफाम्पिसिनमुळे यकृत प्रेडनिसोलोनचा फडशा लवकर पाडतं. नेहमीचा डोस तोकडा पडतो. किडनीच्या डॉक्टरांनी तो वाढवला. दोन्ही डॉक्टरांपुढे मी एकच वही ठेवायचे, सगळी औषधं तारखेसकट लिहिलेली. ज्यांच्या मुलांना आकडीची किंवा एचआयव्हीची औषधं चालू आहेत, त्यांनी तर हे विचारायलाच हवं, कारण त्यांतल्या बऱ्याच औषधांशी टीबीच्या गोळ्यांचा असाच झगडा असतो.

एक अडचण आम्हाला कुणी आधी सांगितली नव्हती. रिफाम्पिसिननं लघवी नारिंगी होते, मग लघवीतली प्रथिनं तपासायच्या पट्टीचा रंग घरी नीट वाचता येईना. त्यामुळे नमुना प्रयोगशाळेत द्यावा लागे.

घरातल्या सगळ्यांचीही तपासणी झाली, कारण मुलांना टीबी बहुधा मोठ्यांकडूनच लागतो.

कोर्स संपला तरी रिफाम्पिसिनचा यकृतावरचा परिणाम ओसरायला साधारण 2 आठवडे जातात. त्या काळात लघवी तपासत प्रेडनिसोलोन हळूहळू पूर्वीच्या डोसवर आणलं.