झेनचा मॅनिफोल्ड: चकाकी नको, जोड जुळवा

इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांकडे हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळ्यांचा संच, आतून घासून चकचकीत केला की गाडी पळते, असं आमच्या इंदूरच्या गॅरेजांत अजूनही सांगतात. हवेत पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर ज्या गाडीत असतो, तिला तरी ते करू नका. कार्बोरेटरमधून निघालेलं सगळं पेट्रोल हवेत तरंगत जात नाही. बरंचसं नळीच्या भिंतीला धरून ओघळतं. भिंत जराशी खरखरीत असली तर तो थर मोडतो आणि पेट्रोल पुन्हा हवेत उचललं जातं. ह्याच कारणासाठी मॅनिफोल्डच्या पोटातून रेडिएटरचं गरम पाणी फिरवलेलं असतं. भिंत खरखरीत राहावी म्हणून मी ८० नंबरच्या एमरी कागदावर थांबते.

गाडी बाबांची, १९९८ ची मारुती झेन. ९९३ सीसी. गणित मांडलं तर ६००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ६००० फेऱ्यांना, हे इंजिन सेकंदाला जवळपास ५० लिटर हवा ओढू पाहतं, आणि ती सगळी एका कार्बोरेटरमधून चार नळ्यांत वाटली जाते. मधल्या दोन नळ्या जवळ, कडेच्या दोन लांब. स्पार्क प्लग काढून ओळीने ठेवले तर मधले काळपट आणि कडेचे पांढुरके निघत होते. म्हणजे कडेच्या सिलिंडरांना पेट्रोल कमी पडत होतं.

भंगारात निघालेल्या झेनचा मॅनिफोल्ड मिळाला आणि काम सोपं झालं. गाडी चालू राहिली आणि हा सुटा मॅनिफोल्ड बाकावर घेऊन निवांत बसता आलं. बसवलेल्या मॅनिफोल्डवर ग्राइंडर चालवू नये, अॅल्युमिनियमचा कीस थेट सिलिंडरमध्ये जातो.

राजेंद्र नगरात आमचे मिस्त्री आहेत, त्यांना आम्ही दादाच म्हणतो. ते म्हणाले, "ताई, नळ्या कापून आखूड करू. वरच्या आरपीएमला मस्त ओढेल."

"वर ओढेल हो दादा, पण खाली मरेल त्याचं काय?"

व्हॉल्व्ह बंद झाला की नळीत दाबाची लाट उठते, मागे जाते आणि परत येते. ती पुन्हा व्हॉल्व्ह उघडतानाच पोहोचली तर सिलिंडर जास्त भरतो. लांब नळीत हा मेळ कमी आरपीएमला बसतो, आखूड नळीत जास्त आरपीएमला. क्रायस्लरने १९६० साली ३००एफ गाडीला ३० इंचांच्या नळ्या दिल्या होत्या, त्या मधल्या आरपीएमच्या ओढीसाठीच. इंदूरजवळ पीथमपूरला ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक आहे खरा, पण आमची झेन चालते ती छावणीच्या गर्दीत आणि सिमरोलच्या घाटात, मागे आई-बाबा बसलेले. नळ्या होत्या तेवढ्याच ठेवल्या.

खरी गंमत जोडावर आहे. नवं गॅस्केट (जोडातली सीलची पट्टी) आधी इंजिनाच्या हेडवर, त्यातल्या पोर्टांच्या म्हणजे हवेच्या तोंडांच्या वर धरलं, मग मॅनिफोल्डवर, आणि दोन्हीकडे कडा आखून घेतल्या. एका नळीत ओतकामाची कडा पोर्टात चांगली दिसेल इतकी पुढे आली होती. दुसरीत उलट, मॅनिफोल्डचं तोंड पोर्टापेक्षा मोठं, म्हणजे येणारी हवा हेडच्या पायरीवर आपटणार. ही दुसरी खोड जास्त वाईट. मॅनिफोल्डचं तोंड किंचित लहान राहिलं तर चालतं, उलट परत फिरणाऱ्या हवेला त्याने थोडा अडसरच होतो. पुढे आलेली कडा रोटरी फाइलने हलक्या हाताने उतरवली. मोठ्या तोंडासाठी हेडच्या पोर्टाची कड उतार देऊन मिळवली, व्हॉल्व्ह बंद ठेवून, आत ग्रीस लावलेली चिंधी कोंबून. मग मॅनिफोल्डच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवून फट मोजायच्या फिलर गेजचं ०.१० मिलिमीटरचं पातं सारून पाहिलं. एका टोकाला आरामात गेलं, म्हणून तोंड मिलिंगवर सपाट करून आणलं. नट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने आवळले.

आता कोणी विचारेल, एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल घेणाऱ्या, झेनचाच मॅनिफोल्ड का नाही लावला? त्या इंजिनाचं हेड १६ व्हॉल्व्हचं आहे, पोर्टच वेगळे. शिवाय ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), सेन्सर, टाकीतला पंप आणि पेट्रोलची परतीची नळी हा सगळा संसार आणावा लागतो. नुसता मॅनिफोल्ड बदलून त्यातलं काही मिळत नाही.

फरक कानाने ठरवू नका, मॅनिफोल्डमधली हवेची ओढ मोजणारा व्हॅक्यूम गेज लावा. पुस्तकांत आयडलला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन चालू असताना, १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) लिहिलेलं असतं, पण ते समुद्रसपाटीचं. इंदूर सुमारे ५५० मीटर उंचीवर, त्यामुळे इथे काटा जवळजवळ दोन इंच कमीच दिसणार. त्यावरून इंजिन खराब ठरवून पिस्टनच्या रिंगा बदलणारे लोक पाहिले की जीव तुटतो. आकड्याइतकाच काट्याचा स्थिरपणा बघायचा. जुन्या मॅनिफोल्डवर तो १५ च्या आसपास थरथरायचा. नव्यावर १७ ला उभा राहिला, आणि आयडलचा स्क्रू थोडा मागे घ्यावा लागला.

प्लग आता चारही जवळपास एका रंगाचे, बदामी. कडेचा एक अजून किंचित फिका आहे. कार्बोरेटरच्या खालची इन्सुलेटरची गादी जुनीच आहे आणि माझा संशय तिच्यावर आहे. नवी मिळाली की ती बदलून पुन्हा प्लग काढीन.