भिंतीतली फट

दक्षिण फ्रान्समधल्या एक्स-आँ-प्रोव्हान्समध्ये तिथला चित्रकार सेझान अक्षरशः पायाखाली येतो. फुटपाथवर ठिकठिकाणी पितळी गोल ठोकलेत, त्यांच्यावर त्याचा 'सी'. हॉटेलातल्या साबणाच्या वेष्टणावरही तोच.

मला याचा रागच यायला लागला. हयातभर गावाने या माणसाची टिंगल केली. मी जिवंत असेतो सेझानचं एकही चित्र आत येणार नाही, असं इथल्या ग्राने संग्रहालयाच्या प्रमुखाने, आंरी पाँतिएने, ठणकावलं होतं. १९२६ला मरेपर्यंत त्याने शब्द पाळला. आणि तरुणपणी सेझान चित्रकला शिकला ती फुकट शाळा कुठे होती? त्याच इमारतीत! १९८४मध्ये सरकारने त्याची आठ लहान चित्रं तिथे ठेवायला दिली. आता त्यांच्यापुढे ही गर्दी.

 

सेझानचा लोव टेकडीवरचा स्टुडिओ मात्र बघाच. चढ सरळ अंगावर येतो, सावलीच्या नावाने बोंब. आई साडीवर स्पोर्ट्स शूज घालून माझ्यापुढे. वडिलोपार्जित बंगला १८९९मध्ये विकावा लागला, मग १९०१मध्ये सेझानने इथे जागा घेतली. गावातल्या घरातून रोज पहाटे हा चढ चढून यायचा, तेही साठी ओलांडल्यावर, मधुमेह घेऊन.

आत ठरावीक वेळेला ठरावीक माणसं सोडतात. तरी माझ्यापुढे कायम कुणाचा तरी उंचावलेला मोबाईल. राखाडी भिंती, उत्तरेला भलीमोठी काच, फळीवर कवट्या, प्लास्टरचा बाळ कामदेव, बरण्या. त्याच्या चित्रांत शंभरदा पाहिलेल्या वस्तू, आणि प्रत्यक्षात किती साध्या! "यातली एकही आपण घरात ठेवली नसती," आई म्हणाली.

मी अडकलो ते काचेच्या शेजारी. तिथे भिंतीत एक फट आहे, माणसापेक्षा कितीतरी उंच आणि जेमतेम वीतभर रुंद. स्नान करणाऱ्या बायकांची त्याची प्रचंड चित्रं जिन्यावरून उतरवता येईनात, म्हणून हा मार्ग. त्यातलं एक, आता फिलाडेल्फियात असलेलं, जवळजवळ सात फूट बाय आठ फूट आहे. कॅनव्हास उभा धरून या फटीतून बाहेर सरकवायचा. ज्याची चित्रं गावात कुणाला नको होती, तो घर बांधतानाच ती बाहेर न्यायची सोय करून ठेवतो! मी फटीच्या कडेवरून बोट फिरवलं, तर गाईड ओरडली. ओरडू दे.

आणखी वर चालत गेलं की चित्रकारांची जागा म्हणतात तो कट्टा लागतो. समोर सेंत-व्हिक्त्वार डोंगर. हजारेक मीटर उंची, आपल्या कळसूबाईपुढे पोरच. पण या एका डोंगराची त्याने तीसहून जास्त तैलचित्रं केली. काही चित्रांच्या प्रती तिथे फलकांवर लावल्यात; उन्हाने त्यांचे रंग पार उडालेत, कुणाला फिकीर नाही.

ऑक्टोबर १९०६मध्ये बाहेर चित्र काढताना तो वादळी पावसात सापडला आणि कोसळला. धोब्याच्या गाडीत घालून घरी आणलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा स्टुडिओच्या बागेत हजर, माळ्याचं चित्र अर्धवट होतं ना. आठवड्याभरात गेला.

"घरात कुणी अडवणारं नव्हतं का?" आईने विचारलं.

बायको आणि मुलगा पॅरिसला होते, मी म्हटलं. घरी एकटी कामवाली.

"मग तिचं कोण ऐकतंय," म्हणत आई उतरायला लागली.