अकरा दिवस आधीची सही

मुदतीचा शेवटचा दिवस होता. दुपारी ४ वाजता पोर्टल बंद होणार होतं आणि सकाळी साडेनऊपर्यंत माझ्या यादीतल्या जवळजवळ सगळ्या ओळींवर टिक झाली होती. संशोधनाच्या सरकारी अनुदानासाठी तीन देशांतल्या तीन लहान कंपन्यांचा एकत्र प्रस्ताव, आणि समन्वयाचं काम माझ्याकडे. खर्चाच्या तक्त्याला जोडायचं एक कोटेशन तेवढं राहिलं होतं. आमच्या एका भागीदार कंपनीला पाइपांच्या चाचणीसाठी एक रिग, म्हणजे चाचणीचं यंत्र, घ्यायचा होता, त्याचं. त्यांची मेल आली, फाइल उघडली. आत कोटेशन नव्हतं. ऑर्डर पक्की झाल्याचं पत्र होतं. खाली त्यांच्या संचालकांची सही, ३० टक्के आगाऊ रक्कम जमा झाल्याची नोंद आणि तारीख अकरा दिवसांपूर्वीची.

तारीख मी तीन वेळा वाचली. मग खुर्ची मागे सरकवून थोडा वेळ नुसती बसले.

यात एवढं घाबरण्यासारखं काय, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. आमचा प्रस्ताव युरेकाचा, म्हणजे वेगवेगळ्या देशांतल्या कंपन्यांनी मिळून संशोधन करावं यासाठीच्या युरोपातल्या व्यवस्थेतला. तिच्या प्रकल्पांत सगळ्यांची मिळून एक तिजोरी नसते. १९८५ मध्ये ही व्यवस्था उभी राहिली तेव्हापासून रीत अशी, की प्रकल्प एक, पण प्रत्येक देश आपापल्या कंपनीला आपल्या नियमांनी पैसे देतो. म्हणजे तीन भागीदार असले की तीन कचेऱ्या, तीन करार आणि तीन प्रकारचे हिशेब. एकाचं अनुदान अडलं की उरलेल्या दोघांच्या कामालाही अर्थ उरत नाही, कारण कामाचे तुकडे एकमेकांत अडकवलेले असतात. हा भागीदार युरोपीय संघातल्या देशातला. तिथे कंपन्यांना संशोधनासाठी सरकारी मदत देताना बहुतेक वेळा ६५१/२०१४ या क्रमांकाचा नियम लागू होतो, आणि त्यातली एक अट सरळ आहे: अर्ज आधी, काम नंतर. यंत्रसामग्रीची पहिली बंधनकारक ऑर्डर दिली की काम सुरू झालं असं धरतात. परवानगी काढणं, शक्यता तपासून पाहणं ही तयारी चालते. सही केलेली ऑर्डर तयारीत बसत नाही.

या अटीमागचा विचार मला पटतो, आणि तेव्हाही पटत होता. लोकांच्या कराचा पैसा अशा कामाला मिळावा, जे त्या पैशाशिवाय झालं नसतं किंवा इतक्या मोठ्या प्रमाणावर झालं नसतं. कंपनी स्वतःच्या खिशातून करायलाच निघाली असेल, तर सरकारने तिथे पैसे का घालावेत?

पण ऑर्डरवर सही करणाऱ्या संचालकांना मी दोन वर्षं ओळखत होते. फोन लावला. ते उत्साहात होते, प्रस्ताव गेला की काय असं त्यांना वाटलं. मी ऑर्डरबद्दल विचारलं.

"हो, देऊन टाकली," ते म्हणाले. "रिग यायला सोळा आठवडे लागतात. अनुदान मंजूर होईपर्यंत थांबलो असतो तर तुमचे सेन्सर येऊन पडले असते आणि माझ्याकडे ते लावायला जागा नसती. तुमचाच वेळ वाचावा म्हणून केलं."

खरंच तसं होतं. आमचा सगळा प्रकल्प त्या रिगवर उभा होता. पाण्याच्या पाइपातून गळती होते तेव्हा आवाज होतो आणि तो पाइपातून दोन्ही दिशांना जातो. दोन ठिकाणी सेन्सर लावले, की आवाज पोचण्याच्या वेळेतल्या फरकावरून गळतीची जागा काढता येते. लोखंडी पाइपावर ही पद्धत चांगली चालते. प्लास्टिकच्या पाइपात आवाज फार लवकर विरतो, वरच्या फ्रिक्वेन्सी तर सगळ्यात आधी. त्या विरत चाललेल्या आवाजातून गळती ओळखायची, हा आमचा प्रश्न होता. सेन्सर आमचा, संकेत वाचणारं सॉफ्टवेअर दुसऱ्या भागीदाराचं, आणि दाबाखालच्या पाइपावर हे सगळं तपासायचं काम यांचं. यांच्या तुकड्याशिवाय आमच्याकडे नुसता अंदाज राहिला असता.

मी नियम सांगितला. पलीकडे बराच वेळ काहीच आवाज नाही. मग ते हळू आवाजात म्हणाले, "पुरवठादार आमच्या ओळखीचा आहे. पुढच्या आठवड्याच्या तारखेचं पत्र तो देईल. एक कागद तर बदलायचाय."

हे वाक्य मी त्यांना वाईट म्हणून दाखवण्यासाठी लिहीत नाही. दहाबारा माणसांची कंपनी चालवणाऱ्या माणसाच्या तोंडी ते अशा वेळी येतं. आकडेच तसे असतात. या नियमात औद्योगिक संशोधनाला मूळ मदत खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत मिळते, कंपनी लहान असेल तर आणखी २०, आणि वेगवेगळ्या देशांतल्या कंपन्या खरोखर मिळून काम करत असतील, कुणा एकीवर ७० टक्क्यांहून जास्त खर्च पडत नसेल, तर आणखी १५. बेरीज ८५ होते, पण ८० च्या वर जाता येत नाही. लहान कंपनीसाठी शंभरातले ऐंशी म्हणजे तीन वर्षांचे पगार सुटतात. ते सगळं एका तारखेमुळे जाणार असेल, तर माणूस तारखेकडेच बघणार.

मी नाही म्हटलं. कारणंही सांगितली. आगाऊ रक्कम बँकेतून गेलीय, तिची तारीख कोण बदलणार? मदतीची कागदपत्रं दहा वर्षं जपावी लागतात आणि कधीही मागितली जाऊ शकतात. नियमाबाहेर मिळालेले पैसे व्याजासकट परत द्यावे लागतात, आणि तेव्हा तर ते खर्च होऊन गेलेले असतात. पण यातलं एकही कारण नसतं तरी मी नाहीच म्हटलं असतं. मुख्य अर्जदार म्हणून त्या प्रस्तावावर आमचं नाव होतं. तीन देशांतली माणसं एकमेकांचे हिशेब उघडून पाहत नाहीत, विश्वासावर सही करतात. माझ्या हातून एक कागद खोटा गेला असता, तर पुढे कुठल्याच भागीदाराकडे मी कागद मागू शकले नसते.

ते रागावले नाहीत. "मग आता काय करायचं?" एवढंच विचारलं.

त्यांच्या देशातल्या अनुदान कचेरीत आमची संपर्क अधिकारी होती. साडेअकराला तिला फोन केला. ऑर्डरचं पत्र पाठवलं, काहीही न लपवता. तिने अर्ध्या तासात वाचून परत फोन केला. ऑर्डर रद्द करता येईल असं कलम त्यात आहे का, हे आम्ही दोघींनी मिळून शोधलं. नव्हतं. तिचं मत स्पष्ट होतं: आजच्या रूपात हा प्रस्ताव आला तर त्यांचा भाग अपात्र ठरेल. मग ती म्हणाली, "मला आधी विचारलंत हे बरं केलंत. मंजुरीनंतर कळलं असतं तर माझ्या हातात काही उरलं नसतं."

एक वाजता तिन्ही कंपन्यांचा कॉल झाला. रिग वगळून अर्ज आजच पाठवावा, असं सॉफ्टवेअरवाल्या भागीदाराचं म्हणणं होतं. पण खर्चाचा तक्ता, कामाची विभागणी, भागीदारांमधल्या ज्ञानहक्कांचा मसुदा, सगळं त्या रिगभोवती बांधलेलं. तीन तासांत ते सोडवून पुन्हा बांधलं असतं तर परीक्षकांना ठिगळं दिसली असती. मी या वेळी अर्ज न पाठवायचं सुचवलं. कोणी लगेच बोललं नाही. शेवटी रिगवाले संचालकच म्हणाले, "नका पाठवू."

४ वाजता पोर्टल बंद झालं. आमचा प्रस्ताव मसुद्यातच राहिला, ९६ पानांचा.

त्या संध्याकाळी मला सगळ्यात जास्त टोचत होतं ते असं, की गेल्या चार महिन्यांतल्या कॉलमध्ये आम्ही बाजारपेठेवर बोललो, पेटंटवर बोललो, कोणाचं नाव आधी यावं यावरसुद्धा बोललो. आणि "अर्जाआधी काहीही विकत घेऊ नका" हे वाक्य मी एकदाही उच्चारलं नव्हतं. नियमांची फाइल सगळ्यांना पाठवली होती, पण लहान कंपनीतला माणूस दिवसभर यंत्रापाशी असतो. तो ती फाइल कधी वाचणार? समन्वयकाचं काम तिथेच सुरू होतं, हे मला त्या दिवशी कळलं आणि उशिरा कळलं.

पुढच्या फेरीला सहा महिने होते. रिग आला. त्यांनी तो स्वतःच्या पैशाने, धातूच्या पाइपांच्या चाचण्या करून देण्याच्या त्यांच्या नेहमीच्या व्यवसायासाठी कामाला लावला. नव्या प्रस्तावात त्या रिगपोटी एक छदामही मागितला नाही आणि तो आधीच घेतलेला आहे हे पहिल्या पानावर लिहिलं. अधिकारीबाईंनी हे चालेल असं लेखी कळवलं, पण एक गोष्ट बजावली: प्रकल्पातलं काम, म्हणजे प्लास्टिकच्या पाइपावरच्या चाचण्या, अर्ज पोचायच्या आत सुरू होता कामा नये. इतके महिने रिग चालू होता आणि आमच्या कामाच्या पाइपाची चौकट रिकामी होती. संचालक मला अधूनमधून तिचा फोटो पाठवत. खाली कधी काही लिहिलेलं नसे.

दुसऱ्या वेळी आम्ही मुदतीच्या दोन दिवस आधीच अर्ज पाठवला. दुपारी तीनच्या सुमारास पोर्टलची पोचपावती आली, ती मी दोघाही भागीदारांना पुढे पाठवली. दोन मिनिटांत रिगवाल्या संचालकांचा फोन.

"मंजुरीचं अजून काही नक्की नाही ना?"

"नाही. आतापासून जे कराल ते तुमच्या जोखमीवर."

"ते कळतं मला. पाइप चढवू का?"

"पावतीवरची वेळ लिहून ठेवा," मी म्हटलं, "आणि चढवा."